हौशी स्पोर्ट्‌स कारचे ब्रेक: तक्रारी तीन, बिघाड दोन

गोव्यातल्या पर्वरीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. दोन सीटची, उघड्या टपाची, हौसेने बांधलेली फायबर बॉडीची गाडी, वजन साधारण ७०० किलो. पुढे डिस्क, मागे ड्रम, सगळे सुटे भाग छोट्या हॅचबॅकचे. मास्टर सिलिंडर (पायाचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा) पाऊण इंची, दोन सर्किटचा, जमिनीवर बसवलेल्या पेडलबॉक्सला जोडलेला. पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर नाही. मे अखेरीपासून गाडी शेडमध्ये उभी होती, चवथीनंतर बाहेर काढली. आता पहिल्यांदा दाबलं की पेडल खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि घट्ट लागतं. ब्रेक मारताना गाडी डावीकडे ओढते. आणि चोर्ला घाट उतरताना केरीच्या अलीकडे पेडल थेट फरशीला टेकलं, अर्ध्या तासाने आपोआप परत आलं. ब्रेकच्या पाइपांतली हवा दोनदा काढून झाली, पुढचे पॅड नवे टाकले, फरक नाही. मेस्त्रींचा सल्ला: मास्टर सिलिंडर मोठा टाका आणि मागेही डिस्क करून घ्या.

आधी त्या सल्ल्याबद्दल. मोठा मास्टर सिलिंडर टाकला की पेडल वर येईल हे खरं, पण ब्रेक कमी लागेल. पायाने ३०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३० किलो जोर दिला आणि पेडलचं गुणोत्तर ५:१ असेल, तर पुशरॉडवर, म्हणजे पेडलपासून मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या दांड्यावर, १५०० न्यूटन येतात. पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमीच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ २८५ चौ. मिमी, त्यातून सुमारे ५३ बार दाब मिळतो. साडेसहा सुती, म्हणजे २०.६४ मिमीचा टाकला तर क्षेत्रफळ ३३५ चौ. मिमी होतं आणि दाब ४५ बारवर येतो. तेवढ्याच पायाला १५ टक्के ब्रेक कमी. बूस्टर नसलेल्या गाडीत हा तोटा लगेच जाणवतो. पेडल खोल का जातं याचं कारण तसंच राहतं, फक्त ते तुमच्यापासून लपतं. मागच्या डिस्कबद्दल शेवटी बोलू, तीही आत्ता नको.

माझ्या मते तक्रारी तीन असल्या तरी बिघाड दोनच आहेत. पेडल खोल जाण्याचा उगम बहुधा मागच्या ड्रममध्ये आहे. गाडी ओढणं आणि घाटात पेडल बसणं ही पुढच्या उजव्या कॅलिपरची (डिस्कला पॅडमध्ये दाबून धरणाऱ्या चिमट्याची) दोन टोकं आहेत. पण हे माझ्या शब्दावर मानू नका. हवा काढायचा एकही निपल न उघडता ते तपासता येतं, आणि तपासाचा क्रम महत्त्वाचा आहे. एकदा का हवा काढायला बसलात की आधीचे सगळे पुरावे पुसले जातात.

गाडी सपाट जागी घ्या, चारही चाकं उचलून चार मजबूत स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. फायबर बॉडीच्या गाडीत स्टँड चॅसीच्या नळीखालीच बसला पाहिजे, फरशीखाली लावलात तर फायबर तडकेल.

पहिली चाचणी: पेडल जोरात दाबून ३० सेकंद तसंच धरा. हळूहळू खाली सरकत असेल तर एकतर बाहेर कुठे गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडरचे रबर कप आतल्या आत ऑइल मागे सोडताहेत. गळतीचा डाग कुठेच नसेल तर दुसरंच. पेडल जागच्या जागी ठाम राहिलं तर मास्टर सिलिंडरला दोष देण्याचं कारण उरत नाही.

दुसरी: पहिल्या दाबाला खोल आणि दुसऱ्याला वर येणारं पेडल दुसऱ्या वेळी कसं लागतं ते पाहा. वर येऊन दगडासारखं घट्ट लागत असेल तर ऑइलमध्ये हवा नाही, कुठेतरी पिस्टनला गरजेपेक्षा जास्त अंतर चालावं लागतंय. वर येऊनही लिबलिबीत असेल तर हवा. प्रश्नात ‘घट्ट’ लिहिलं आहे, आणि म्हणूनच दोनदा हवा काढून काही झालं नाही. खात्री हवी असेल तर ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण काढा, त्यावर फडकं सैलसर धरा, कुणाला तरी पेडल वीसेक वेळा भराभर मारून दाबून धरायला सांगा आणि मग एकदम सोडायला लावा. सर्किटमध्ये हवा दाबलेली असेल तर टाकीत ऑइलचं कारंजं उडतं. नुसती लहानशी हालचाल दिसली तर हवा नाही.

तिसरी, आणि तुमच्या बाबतीत सर्वांत उपयोगी: हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग पेडल दाबा. पहिल्याच दाबाला पेडल वर लागलं तर दोष मागच्या शूंच्या (ड्रमला आतून घासणाऱ्या अर्धगोल पट्ट्यांच्या) अंतरात आहे, कारण हँडब्रेकने शू आधीच ड्रमला टेकवले. फरक पडला नाही तर पुढे बघा.

हे अंतर किती महागात पडतं ते आकड्यात पाहा. मागचा, शूंना ढकलणारा व्हील सिलिंडर १७.५ मिमीचा धरला तर एका पिस्टनचं क्षेत्रफळ २४० चौ. मिमी. असे चार पिस्टन. प्रत्येकाला १ मिमी जास्त चालावं लागलं तर ९६० घन मिमी ऑइल जास्त लागतं, म्हणजे मास्टर सिलिंडरचा रॉड ३.४ मिमी जास्त जातो आणि पेडल १७ मिमी. शू आणि ड्रममधली फट डोळ्याला दिसतही नाही, पण पाय पाऊण इंच खाली जातो.

ही फट का वाढली? ड्रमच्या आत शू आपोआप पुढे सरकवणारी जी ॲडजस्टरची दातेरी यंत्रणा असते, ती चार महिन्यांच्या दमट हवेत गंजून थिजते. किनाऱ्याकडे खाऱ्या हवेने, आणि आत डिचोली-सत्तरीकडे तांबड्या मातीने. ती बारीक माती ड्रममध्ये शिरते, पावसात ओली होते आणि सुकली की ॲडजस्टरच्या दात्यांत घट्ट बसते. त्यात बहुतेकांची एक चूक असते: पेडल खोल जातं म्हणून हँडब्रेकची केबल ताणून ठेवतात. केबल ताणली की हँडब्रेकचा लिव्हर कधीच पूर्ण मागे येत नाही, आणि बऱ्याच रचनांमध्ये तो मागे आल्याशिवाय ॲडजस्टर पुढचा दाता घेतच नाही. म्हणून क्रम असा: आधी हँडब्रेकची केबल पूर्ण सैल, मग शूंचं ॲडजस्टमेंट, आणि सर्वांत शेवटी केबल.

ड्रम निघत नसेल तर हातोडी मारत सुटू नका. ड्रमच्या आतल्या काठाला गंजाची कड तयार झालेली असते आणि शू तिच्यावर अडकतात. आधी ॲडजस्टर मागे घ्या. ड्रमच्या तोंडावर बोल्टसाठी आटे असलेली दोन छिद्रं असली तर त्यांत बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी समान आवळत या, ड्रम सुटतो. आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

आत गेलात की तीन गोष्टी पाहा. व्हील सिलिंडरची रबरी टोपी बोटाने जरा उचला. आत ओल असली तर तो सिलिंडर संपला, दोन्ही बाजूंचे बदला. लायनिंग रिव्हेटचं असेल तर रिव्हेटच्या डोक्यावर निदान १ मिमी शिल्लक हवं, चिकटवलेलं असेल तर दीड मिमी. आणि लायनिंगला ऑइल किंवा ग्रीस लागलेलं असेल तर ते टाकूनच द्या. पेट्रोलने धुणं, शेगडीवर भाजणं हे प्रकार गॅरेजांत चालतात, पण भाजलेल्या लायनिंगमधून पुढच्या गरम ब्रेकला ऑइल पुन्हा वर येतं. ॲडजस्टर सुटा करून तारेच्या ब्रशने स्वच्छ करा, आट्यांना ब्रेकचं उच्च तापमानाचं ग्रीस अगदी पातळ लावा. बॅकप्लेटवर शू जिथे घासतात त्या सहा जागांनाही तितकंच. डावा आणि उजवा ॲडजस्टर अदलाबदल करू नका, बहुतेकांत आटे उलट असतात आणि बदलले की यंत्रणा शू जवळ आणायच्याऐवजी दूर नेते.

जोडल्यावर ॲडजस्टर फिरवत चाक हाताने अडेपर्यंत आणा, पेडल दोनदा जोरात दाबून शू मध्यावर बसू द्या, मग चाक मोकळं फिरेल आणि शूचा अगदी हलका ‘सर्र’ आवाज येईल इतकंच मागे घ्या. आता केबल: हँडब्रेक चार ते सहा खटक्यांत धरावा, सोडल्यावर दोन्ही चाकं सहज फिरावीत.

हँडब्रेक ओढूनही पेडल खोलच राहिलं, तर पुढच्या डिस्ककडे वळा. इथे आकडे आणखी निष्ठुर आहेत. कॅलिपरचा पिस्टन ४८ मिमीचा असेल तर क्षेत्रफळ १८१० चौ. मिमी. डिस्क वेडीवाकडी फिरून दोन्ही पिस्टन केवळ ०.२ मिमी मागे ढकलले गेले तरी पेडल जवळजवळ १३ मिमी खोल जातं. ओळखायची खूण: सरळ रस्त्यावर पेडल बरं, पण वळणांनंतर किंवा खड्ड्यांनंतर पहिला दाब खोल. कारणं दोनच, सैल व्हील बेअरिंग किंवा डिस्कचा डगमग. चाक वर-खाली धरून हलवा, बेअरिंग तिथेच कळतं. डगमगीसाठी चुंबकी स्टँडवरचा डायल गेज डिस्कच्या काठापासून १० मिमी आत लावा आणि डिस्क फिरवा. ०.१० मिमीपेक्षा जास्त आलं तर लगेच डिस्क लेथवर पाठवू नका. ती काढा, हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने चकचकीत करा, डिस्क एक स्टड पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. निम्म्या वेळी तेवढ्याने काम होतं. हब आणि डिस्कच्या मधे अडकलेला गंजाचा कागदाएवढा पापुद्रा काठाशी गेल्यावर मोठा होतो. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्याखाली गेली असेल तर नवी घ्या, दोन्ही बाजूंना.

आता डावीकडे ओढण्याबद्दल. बहुतेकजण डाव्या चाकाकडे धावतात. गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक सहसा चांगला असतो, दोष दुसऱ्या बाजूला असतो. उजवा कमी धरतो म्हणून गाडी डावीकडे जाते. अपवाद एकच: ब्रेक न मारताही डावं चाक घासत असेल तर. दोन्हींतला फरक ताप मोजून कळतो. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, गाडी तीन किलोमीटर चालवा, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा, थांबा आणि दोन्ही डिस्कवर एकाच जागी नेम धरा. चकचकीत धातूवर हे यंत्र खोटं कमी दाखवतं, म्हणून आकड्यापेक्षा दोन्ही बाजूंमधला फरक पाहा. २०-३० अंशांहून जास्त फरक असेल तर थंड बाजू काम करत नाही. मग तेवढंच अंतर जवळजवळ ब्रेक न मारता चालवून पुन्हा मोजा. आता एखादी बाजू गरम निघाली तर तो ब्रेक घासतोय. हे करण्याआधी दोन्ही टायरांची हवा सारखी करून घ्या, नाहीतर सगळा खटाटोप टायरनेच खोटा ठरेल.

जुने पॅड फेकले नसतील तर ते काढून बघा. उजव्या बाजूचा आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा जाड असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना थिजल्या आहेत. दोन्ही पॅड डाव्यापेक्षा जाड असतील तर पिस्टनच थिजला आहे. नवे पॅड टाकणाऱ्याने पिस्टन मागे दाबताना त्याला किती जोर लागला हेही विचारा. ‘मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने हाणून बसवला’ असं उत्तर आलं तर निदान झालंच.

पिनांचं काम सोपं आहे. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगून ठेवा, होज पाइपवर लोंबकळू देऊ नका. पिना ओढून काढा, गंज साफ करा, खड्डे पडले असतील तर बदला, फाटलेले बूट बदलाच. पिनांना सिलिकॉनचं किंवा खास ब्रेकचं ग्रीस लावा. चॅसीला लावतो ते साधं ग्रीस इथे चालत नाही. ब्रेकमधलं रबर खनिज तेलाने फुगतं आणि पिन आतच आवळली जाते. काही कॅलिपरमध्ये एका पिनेला टोकाशी रबराची बाही असते आणि ती वरची की खालची हे ठरलेलं असतं, काढतानाच लिहून ठेवा.

पिस्टनचं काम जरा जिकिरीचं. बाहेर काढायला गाडीचाच दाब वापरा: कॅलिपर जोडलेलाच ठेवून पेडल हळू दाबत पिस्टन बाहेर येऊ द्या, मधे लाकडाची फळी. कॉम्प्रेसरने काढायचा तर हवा अगदी कमी आणि समोर बोटं मुळीच नकोत. बाहेर आल्यावर बहुतेकजण पिस्टन पुसतात, सिलिंडरला पॉलिश पेपर मारतात, नवं सील टाकतात आणि तीन महिन्यांत पिस्टन पुन्हा थिजतो. कारण आजार पिस्टनमध्ये नसतोच. चौकोनी काटाचं सील ज्या खाचेत बसतं त्या खाचेत गंज साचलेला असतो. तो खालून सीलला वर ढकलतो, सील पिस्टनला आवळतं आणि पिस्टन सुटत नाही. खाच पितळी टोच्याने कोपऱ्यांपर्यंत खरवडा, भिंगाने बघा. सिलिंडरच्या भिंतीवर हलके डाग चालतात, कारण सील खाचेत असतं. पिस्टनच्या क्रोमवर मात्र सील घासतं त्या पट्ट्यात नखाला लागणारा एकही खड्डा नको. धुण्यासाठी ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. पेट्रोल, रॉकेल, डिझेल नाही. जोडताना सील आणि पिस्टन नव्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून हाताने दाबा. सरळ असेल तर अंगठ्यांच्या जोराने आत जातो.

चाक घासत असेल आणि कारण कळत नसेल तर एक क्रम लक्षात ठेवा. ब्रेक दाबून सोडा, चाक अडलेलं असताना मास्टर सिलिंडरची युनियन (पाइप जोडणारं नट) जरा सैल करा. चाक सुटलं तर दोष पुशरॉड किंवा मास्टरमध्ये. नाही सुटलं तर कॅलिपरचा निपल उघडा. आता सुटलं तर होज पाइप आतून फुगून बंद झाला आहे, जोरात दाबलं की ऑइल जातं पण परत येत नाही. तरीही नाही सुटलं तर कॅलिपर थिजला आहे. बाहेरून छान दिसणारे होज दहा वर्षांचे असतील तर तपासत न बसता बदला.

पुशरॉडची मोकळीक हौशी गाड्यांत फार चुकते. पेडलबॉक्स घरी बांधलेला असतो आणि पेडल ‘वर’ दिसावं म्हणून रॉड लांब केलेला असतो. रॉडला सुमारे १ मिमी, म्हणजे पेडलला ५ मिमी मोकळी चाल हवीच. नसेल तर मास्टरमधलं परतीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, गरम होऊन फुगलेलं ऑइल टाकीत परतू शकत नाही आणि चारही ब्रेक हळूहळू स्वतःच लागत जातात. तपासणी: झाकण काढून पेडल बोटाने अगदी हलकं दाबा, टाकीत छोटी उसळी दिसली पाहिजे.

चोर्ल्यात नेमकं काय झालं? फरशीला टेकणारं पेडल म्हणजे ऑइल उकळून वाफ झाली. पॅड तापून निकामी झाले असते तर पेडल घट्टच राहिलं असतं आणि गाडी मात्र थांबली नसती. मागचे ड्रम तापून फुगले असते तर पेडल लांब झालं असतं, पण फरशीला गेलं नसतं. अर्ध्या तासाने सगळं परत येणं हेही वाफेचंच लक्षण.

हिशेब करू. गाडी आणि दोन माणसं मिळून ८५० किलो, समजा ६०० मीटरचा उतार. ही ऊर्जा सुमारे ५० लाख ज्यूल होते. चारही चाकांच्या डिस्क-ड्रमचं मिळून १६ किलो बीड धरलं आणि सगळी ऊर्जा त्यातच गेली, थंड काहीच झालं नाही, तर ताप जवळजवळ ६८० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात हवा आणि इंजिन बरंच शोषतात, पण तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पाय ब्रेकवर ठेवून उतरलं तर वाटा ब्रेकवरच येतो. त्यात उजवा कॅलिपर कामच करत नसेल तर पाय नकळत जास्त जोर लावतो आणि डावी डिस्क एकटी तापते. ओढण्याची आणि पेडल बसण्याची मुळं एकत्र आहेत ती इथे.

आता ऑइल. डॉटचे आकडे म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३०, डॉट ५.१ किमान २६० अंशांना. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं. पाण्याचं प्रमाण ३.७ टक्के झाल्यावरचे किमान आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० आहेत. गोव्याच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत उघडा डबा ठेवला तर तो शेल्फवर बसूनच निकामी होतो. तुम्ही दोनदा हवा काढलीत ती कुठल्या डब्यातून? मागच्या वर्षी उघडलेल्या लिटरच्या डब्यातलं उरलेलं घातलं असेल तर नवं म्हणून जुनंच घातलंत. अर्ध्या लिटरचे सीलबंद डबे घ्या, उरलेलं ऑइल क्लचच्या टाकीत भरा किंवा टाकून द्या. डॉट ४ तुम्हाला पुरेसं आहे. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते बाकीच्यांत मिसळत नाही. ‘५.१ पेक्षा ५ जरा स्वस्त’ असं समजून घेऊ नका. आणि बॉडीवर एक थेंब सांडला तरी लगेच पाण्याने धुवा, रंग सोलतो.

हवा काढण्याआधी पुढच्या कॅलिपरचा निपल बघा. तो कॅलिपरच्या सर्वांत वरच्या टोकाला असायला हवा. घरी बांधलेल्या गाड्यांत स्टिअरिंग रॅकला जागा व्हावी म्हणून कॅलिपर डावा-उजवा बदलून लावतात, निपल खाली येतो आणि मग शंभर वेळा पेडल मारूनही वरची हवा निघत नाही. दुसरी जागा म्हणजे पाइपची कमान: चॅसीच्या नळीवरून उंच नेऊन खाली आणलेला पाइप तिथे हवेचा बुडबुडा धरून ठेवतो. तिसरी, मास्टर सिलिंडरचं नाक वर असणं. तेव्हा गाडीचा मागचा भाग उचलून नाक खाली करा. तुमचा मास्टर जमिनीलगत आहे. त्याची टाकी कॅलिपरपेक्षा खाली असेल तर ऑइल मागे ओघळतं आणि पहिला दाब खोल जातो. त्यासाठी पुढच्या सर्किटमध्ये २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो. ड्रमसाठी १० पीएसआयचा असतो, तो चुकून डिस्कला लावला तर पॅड कायम घासतील.

क्रम: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. निपलला सहाकोनी रिंग पाना, बाराकोनी पाना कोपरे खातो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, फरशीपर्यंत जाऊ देऊ नका. जुन्या मास्टरच्या न वापरलेल्या टोकाला गंज असतो आणि तिथवर गेलेल्या कपाची ओठाची कड फाटते. हवा काढता काढता चांगला मास्टर बिघडतो तो असा. नुसती हवा काढायला अर्धा लिटर, सगळं ऑइल बदलायला एक लिटर. संपल्यावर निपलना रबरी टोप्या हव्यातच, नाहीतर पुढच्या सप्टेंबरला ते तुटतील.

पाइप बघताना क्लिपा उघडून बघा. गंज उघड्या भागावर नसतो, क्लिपखाली माती साचते तिथे असतो. बदलायचाच तर दीड सुती कॉपर-निकेलचा घ्या. युनियन जोडताना आटे तपासा: एम१०×१.० आणि तीन सुती २४ आट्यांची युनियन डोळ्याला सारखी दिसतात. बारीक युनियन मोठ्या छिद्रात सैलसर बसते, आवळलीही जाते, आणि पहिल्या जोराच्या ब्रेकला आटे सोडते.

सगळं जोडल्यावर नव्या पॅडना बसू द्या. वेर्णा औद्योगिक वसाहतीतले रविवार सकाळचे रिकामे रस्ते बरे: ताशी ५० वरून १५ वर आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, मधे अर्धा किलोमीटर मोकळं, आणि गरम डिस्कवर पाय दाबून उभं राहायचं नाही. मग ताप पुन्हा मोजा. दोन्ही पुढच्या डिस्क जुळल्या की चोर्ल्याचा विचार करा, आणि तोही दुसऱ्या गिअरमध्ये, थोडं जोरात दाबून पूर्ण सोडत, सतत घासत नाही.

मागच्या डिस्कचं राहिलं. ७०० किलोच्या गाडीत जोराच्या ब्रेकला वजन पुढे जातं, मागे फार थोडं उरतं. मागचे ब्रेक सक्षम केले तर मागची चाकं आधी अडकतील आणि पावसाळी रस्त्यावर गाडी गरकन फिरेल. ते टाळायला मागचा दाब कमी ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह आणि नव्याने दाबांचा हिशेब लागतो. शिवाय हँडब्रेकचा नवा प्रश्न. नीट लावलेले ड्रम या वजनाला पुरून उरतात.

पुढच्या पावसाळ्यासाठी: ऑइल मे महिन्यात बदला, पावसानंतर नव्हे, म्हणजे चार महिने आत ओलं ऑइल पडून राहणार नाही. उभी करताना हँडब्रेक सोडलेला, गाडी गिअरमध्ये, चाकांना लाकडी पाचर. शू ड्रमला टेकून राहिले की चिकटतात, आणि ओढून सोडवताना लायनिंग शूवरून सुटून येतं. आठवड्यातून एकदा पेडल दहा वेळा दाबा आणि गाडी शेडमध्येच दोन हात पुढे-मागे ढकला, म्हणजे पॅड डिस्कच्या एकाच जागी ओल धरून बसणार नाहीत. प्लॅस्टिकचं कव्हर नको. ते पाऊस बाहेर ठेवतं आणि दमटपणा आत.